माझ्या पायांवर न न्हालेली नात

नाशिकरोडला आमची पिठाची गिरणी आहे आणि ती मी चालवते. चक्कीच्या घरघरीवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झालाय की मी कुणाच्या कानात बोलले तरी वरच्या मजल्यावर ऐकू जातं. आमचे हे देवळाली कॅम्पात तोफखान्यात होते. पेन्शन घेऊन घरी आले, पण उजव्या कानाचं ऐकणं तिकडेच राहिलं. एकाला ऐकू येत नाही आणि दुसरीला हळू बोलता येत नाही, अशा घरात गुपित टिकणार कसं? तरी एक गुपित मी वर्षभर टिकवलं. आणि त्याच्यापायी माझी पोटची पोर माझ्यापासून तुटायची वेळ आली.

पाळी गेली तेव्हा मी एकावन्न वर्षांची होते. गेल्याचं काडीचं दुःख झालं नाही. सुटले एकदाची, असंच वाटलं. अंगातून वाफा निघायच्या, भर थंडीत पंखा लावावा लागायचा, तेही हळूहळू ओसरलं. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली आणि ती गेल्याचं कळायला मला वेळ लागला. मला नवऱ्याची ओढ वाटेनाशी झाली. आता हे वाचून कुणाला नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा. मला ती ओढ आवडायची. लग्नानंतरची पहिली कितीतरी वर्षं हे कुठे कुठे पोस्टिंगवर आणि मी सासरी. आम्ही एकमेकांची वाट बघितलेली माणसं आहोत. आणि आता यांनी पाठीवर हात ठेवला की माझ्या डोक्यात काय यायचं, तर चक्कीच्या गुळगुळीत झालेल्या दगडांना टाकी लावायला माणूस बोलवायला हवा!

हे चिडले असते तर मीही चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. पण हे काही बोलायचेच नाहीत. "दमलीस तू, झोप," म्हणायचे आणि कूस बदलायचे. त्या समजूतदारपणाचा मला संताप यायचा. मला झोप नको होती. माझी गेलेली इच्छा मला परत हवी होती.

आधी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. आडून आडून विषय काढला. त्यांनी कागदावरून नजरही न उचलता सांगितलं, "आता नातवंडांत मन रमवा, आजी." आजी! माझ्या लेकाला तेव्हा मुलगा झालेला होता हे खरं, पण या पन्नाशीतल्या माणसाची आजी मी कधी झाले? चपला घातल्या आणि निघाले. घरी येऊन दोन पायल्या ज्वारी अशी दळली की गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आज पीठ फारच बारीक झालंय."

मग गिरणीत येणाऱ्या एका बाईकडून कळलं, गंगापूर रोडला एक तरुण लेडी डॉक्टर आहे, पाळी गेलेल्या बायकांच्या तक्रारी नीट ऐकून घेते. एकटीच गेले. आत जाऊन बसले आणि म्हटलं, "मला नवरा नकोसा वाटतो, आणि मला तो हवासा वाटायला हवाय." बाहेर बाकावर बसलेल्या बायकांची कुजबुज एकदम थांबली, ते मला आत बसून कळलं. डॉक्टर हसली नाही. तिने विचारलं, "याचा त्रास कुणाला होतोय? मिस्टरांना की तुम्हाला?"

"मला."

"मग आपण बघू."

तिने सगळं विचारलं. झोप, साखर, थायरॉइड, बीपीच्या गोळ्या, घरात भांडणं आहेत का, जवळ आल्यावर दुखतं का. दुखायचं, तर त्यासाठी आधी एक मलम दिलं. काही महिन्यांनी दुखायचं थांबलं, पण ओढ काही आली नाही. मग ती टेस्टोस्टेरॉनचं बोलली. "ते तर पुरुषांचं असतं ना?" मी विचारलं. ती म्हणाली, "बायकांच्याही अंगात असतं, काकू. पुरुषांपेक्षा खूप कमी, पण असतं. अंडाशयात तयार होतं, मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथींत होतं. पाळी गेली म्हणून एकदम संपत नाही, तरुणपणापासूनच हळूहळू उतरत जातं." एवढी वर्षं माझ्या अंगात ते होतं आणि मला पत्ताच नव्हता.

रक्त द्यायला लॅबमध्ये गेले तर काउंटरवरच्या बाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली. "काकू, ही टेस्ट काकांची दिसतेय. चुकून तुमचं नाव पडलंय. काकांना पाठवा उद्या सकाळी." मी म्हटलं, "काका घरी मजेत आहेत. रक्त माझंच घ्यायचंय." लॅबमधल्या सगळ्यांनी माना वर केल्या. करू देत!

रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, आता आकड्यावरून कळेल काय बिघडलंय ते. डॉक्टर म्हणाली, या आकड्यावरून ते कळत नाही. आकडा कमी असूनही काही बायका मजेत असतात आणि चांगला असूनही काही जणी रडत येतात. तपासायचं ते एवढ्यासाठीच की आधीच जास्त नाही ना, आणि औषध सुरू केल्यावर ते बाईच्या मापाबाहेर जात नाही ना. "मग तुम्ही इलाज कशावरून ठरवणार?" मी विचारलं. "तुम्ही जे सांगितलंत त्यावरून," ती म्हणाली. आजवर कुठल्या डॉक्टरने माझ्या शब्दाला रिपोर्टपेक्षा जास्त किंमत दिली होती? मी खुर्चीत ताठ बसले.

बायकांसाठी वेगळं औषध आपल्याकडे मिळत नाही, असं तिने सांगितलं. पुरुषांचंच जेल असतं, त्यातलं अगदी थोडं, त्यांच्या रोजच्या मापाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं, तिने दाखवलं तेवढंच लावायचं. मनाने वाढवायचं नाही. मधून मधून रक्त तपासायचं. हनुवटीवर केस आले, तोंडावर पुरळ उठलं, आवाज घोगरा झाला तर लगेच यायचं. "आवाजाचं मला कसं कळणार?" म्हटल्यावर मात्र ती हसली. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाली, "ताकदीसाठी, उत्साहासाठी, तरुण दिसण्यासाठी मी हे देत नाही. फक्त या एका तक्रारीसाठी. सहा महिन्यांत फरक पडला नाही तर बंद."

लावायचं कुठे, तर पोटरीला, बाहेरच्या बाजूने. हात, खांदे, गळा नको, कारण तिथे लहान मुलं बिलगतात आणि त्यांच्या अंगाला हे लागणं फार वाईट. "पायाला कोण बिलगतंय?" ती म्हणाली. तिला पटलं, मलाही पटलं.

यांना सांगितलं ते त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर, स्कूटरवर मागे बसून, डाव्या कानात. घरात सांगितलं असतं तर अख्ख्या बिल्डिंगला कळलं असतं.

"अहो, मी औषध सुरू करतेय!"

"कसलं?"

"तुमच्यासाठी!"

"मला काय झालंय?"

"तुम्हाला नाही हो, मला! तुम्ही मला हवेसे वाटावेत म्हणून!"

शेजारून एसटी चालली होती, तिच्या खिडकीतल्या एका म्हातारबाबांनी मान वळवून बघितलं. यांनी स्कूटर कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "मला वाटलं, मीच तुला आवडेनासा झालो." इतकी वर्षं हा माणूस हे पोटात ठेवून कूस बदलत होता. मला रडूच फुटलं, भर रस्त्यात.

जादूबिदू काही झाली नाही. पहिला महिना गेला, दुसरा गेला, मी म्हटलं गेले पैसे पाण्यात. मग एका दुपारी गिरणी बंद ठेवून हे चक्कीचा पट्टा बसवत होते. बनियनवर होते, मानेवर पीठ उडालेलं. मला ते पीठ पुसावंसं वाटलं. पुसलं, आणि मग हात काढावासा वाटेना. त्या दिवशी गिरणी उशिरा उघडली. खोळंबलेल्या गिऱ्हाइकांना सांगितलं, पट्टा तुटला होता.

मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. कुणी दिलं नव्हतं, मी जाऊन मागून आणलं होतं. पुढच्या तपासण्याही ठीक आल्या. डॉक्टर म्हणाली चालू ठेवा, आणि मी चालू ठेवलं.

त्यानंतर मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. तिला मुलगी झाली. काळेभोर जावळ, आणि रडणं असं की हिच्या आजीचा आवाज हिला मिळालाय असं नर्सबाईच म्हणाल्या.

आमच्याकडे तान्ह्या बाळाला आजी पायांवर न्हाऊ घालते. मोरीत पाटावर बसायचं, साडी गुडघ्यावर खोचायची, दोन्ही पाय समोर लांब करायचे आणि बाळाला त्या पायांवर घ्यायचं. तिथेच तेल चोळायचं, तिथेच पालथं करायचं, तिथेच ऊन पाणी. या कामात मी पटाईत आहे. आमच्या गल्लीतली कितीतरी पोरं माझ्या पायांवर न्हालेली आहेत. लेकाच्या मुलाला तर सहा महिने मी रोज न्हाऊ घातलं, सुनेला हात लावू दिला नाही. मुलगी सातव्या महिन्यापासूनच सगळ्यांना सांगत होती, माझ्या बाळाची मालीश माझी आई करणार.

घरी पहिल्या न्हाणाचा दिवस आला. पाणी काढून ठेवलं, तेल कोमट केलं, मी पाटावर बसून पाय लांब केले. मुलगी बाळाला घेऊन वाकली. आणि माझी नजर माझ्याच पोटरीवर गेली. तासाभरापूर्वी अंघोळ करून तिथे मी जेल लावलं होतं.

"थांब! नको देऊस!" मी पाय आखडून घेतले. एवढ्या मोठ्याने ओरडले की बाळ दचकून रडायला लागलं.

"काय झालं आई?"

"गुडघा," मी म्हटलं. "गुडघ्यात चमक आली." तोंडातून निघून गेलं.

औषध सुरू करून वर्ष झालं, पुन्हा आजी होण्याचे नऊ महिने मोजले, डिंक आणला, खारका आणल्या, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं! डॉक्टरला फोन केला. ती म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. मला बाळाची अंघोळ आठवायला हवी होती. मी स्वतः माझ्या आजीच्या पायांवर न्हालेय." धुतल्यावर बरंचसं जातं, पण तान्ह्या बाळाची कातडी, त्यात तेल आणि ऊन पाणी, म्हणजे खात्री देणार नाही, असं ती म्हणाली. जागा बदलून पोटावर लावावं तर बाळ दिवसभर तिथेच. पाय झाकलेले ठेवा, हात साबणाने धुवा, बाळाला घ्या, खेळवा, झोपवा. फक्त न्हाऊ दुसऱ्या कुणाला घालू द्या. नाहीतर काही महिने औषध बंद ठेवा.

मी औषध बंद ठेवलं नाही. न्हाऊ घालायला बाई लावली आणि घरात सलवार-कमीज घालायला लागले. मुलीला सांगितलं, गुडघ्याला गरम राहतं.

पण खोटं बोलावं तर गुडघ्याने साथ द्यायला हवी ना! आठवडाभराने मुलगी बाळाला घेऊन खाली गिरणीत आली, तेव्हा मी स्टुलावर चढून गव्हाचा भरलेला डबा चक्कीत ओतत होते. ती बघत उभी राहिली. "गुडघा बरा दिसतोय," एवढंच म्हणाली आणि वर गेली.

दुपारी गिरणी बंद करून मी वर आले. ती बाळाला पाजत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादाच्या मुलाला सहा महिने पायांवर घेतलंस. माझी मुलगी आहे म्हणून नाही घेत ना?"

मी हातावरचं पीठ झटकायची थांबले.

"तुला मी असली समजत नव्हते, आई. रविवारी सासरहून मम्मींना बोलावते. मी सिन्नरला जाते. तिथे हिला घरचं कुणीतरी पायांवर घेईल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी? जिने हिच्या जन्माला अख्ख्या गल्लीत पेढे वाटले, ती मी? पण रागवणार तरी कुणावर? पोरीने जे बघितलं त्यावरून दुसरा अर्थ निघतच नव्हता. ती आता गेली असती तर हा काटा मनात घेऊनच गेली असती, आणि मग ही नात माझ्याकडे पाहुणीसारखी येऊन गेली असती.

मी खिडक्या लावल्या. तिच्यासमोर जमिनीवर बसले, सलवार वर केली, पोटरी दाखवली. म्हटलं, "इथे मी रोज एक औषध लावते. ते हिच्या अंगाला लागलं तर हिला अपाय होईल. म्हणून घेत नाही."

"कसलं औषध? तुला काय झालंय?" ती घाबरली.

"आजार नाही गं. पाळी गेल्यावर मला तुझ्या बाबांची इच्छा होईनाशी झाली. ती मला परत हवी होती. मी डॉक्टरकडे जाऊन तसं सांगितलं. तिने हे दिलं. आणि ती परत आली."

हळू बोलायचा मी प्रयत्न केला होता. किती जमला माहीत नाही. मुलीचा चेहरा लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. बाळाला खांद्यावर घेऊन ती पाठीवर थापटत राहिली. ढेकर आली तरी थापटतच होती. मग म्हणाली, "बंद ठेवता आलं नसतं का? दोन-चार महिने? हिच्यासाठी?"

हाच प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. आईने आणखी काय करायचं असतं?

"आलं असतं," मी म्हटलं. "डॉक्टरनेही सांगितलं होतं. मी नाही ठेवलं. तुम्हा दोघांसाठी काय काय बंद केलं त्याचा हिशेब मी मांडलेला नाही, मांडणारही नाही. ते मी खुशीने केलं. पण हे मी बंद करणार नाही. तुझ्या लेकीवर माझा जीव आहे. आणि तुझे बाबा मला हवे आहेत. यातलं एक निवड म्हणालीस तर मी निवडणार नाही. तुला जायचं असेल तर जा, पण मुलगी म्हणून मी हिला दूर ठेवलं, असं मनात घेऊन जाऊ नकोस."

मी उठून खाली गेले आणि गिरणी वेळेआधीच सुरू केली.

रविवार उजाडला. विहीणबाई सकाळच्या गाडीने येणार होत्या. मी डिंकाच्या लाडवांचा डबा बांधून ठेवला होता, बाळाची दुपटी घडी करून ठेवली होती. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलावं म्हणून कांदे चिरायला घेतले होते. तेवढ्यात मोरीतून मुलीचा आवाज आला, यांच्याशी बोलायचा ठेवणीतला मोठा आवाज.

"बाबा, लेंगा गुडघ्याच्या वर घ्या. अजून वर. आता पाटावर बसा."

मी धावत गेले. न्हाऊ घालणाऱ्या बाईला तिने परस्पर सुट्टी देऊन टाकली होती. हे पाटावर पाय लांब करून बसलेले, कवायतीत बसावं तसे ताठ. मुलीने बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं आणि माझ्याकडे वळली. "आई, सांग त्यांना. मान कशी धरायची ते सांग."

मी दारात उभी राहून सांगत गेले. मानेखाली हात, पोटावर गोल, पाय वरून खाली, कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. बाळाने आभाळ फाटेल असा टाहो फोडला. आमचे हे ढिम्म! बाळाच्या रडण्याने माझ्यासारखीची घाई उडते, यांची नाही. इतकं निवांत न्हाऊ मी कुणाला घालताना पाहिलेलं नाही.

विहीणबाई नेमक्या त्याच वेळी आल्या. पिशवी हातातच होती. "आवो, हे काय नवीनच! आजोबा न्हाऊ घालत्यात? विहीणबाईंला बरं नाय का?"

गुडघ्याचं माझ्या जिभेवर अगदी आलेलं होतं. पण मुलगी आधी बोलली. तांब्यातलं पाणी बाळाच्या डोक्यावर धार धरून सोडत होती, ती धार मोडली नाही.

"आईला काही झालेलं नाही, मम्मी. ती पायाला औषध लावते, ते बाळाला लागायला नको."

"कशाचं औषध हाय?"

"आई आणि बाबा अजून नवरा-बायको आहेत, त्याचं औषध आहे," मुलगी म्हणाली. "आणि मी आज येत नाही. बाळाला आजोबांची सवय व्हायची आहे."

विहीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि बाळाला पुसायला टॉवेल पुढे केला. उजवा कान आमच्याकडे आणि डाव्यात बाळाचा टाहो, आमच्या ह्यांना यातलं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. मुलीच्या पदवीला मी पेढे वाटले होते, नोकरीला वाटले होते, पण त्या सकाळी तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधीच वाटला नव्हता. आणि खरं सांगते, तेवढाच माझाही वाटला.